हुतूतूची वेठ

खोतांनी भर अंगणात माझी मांडी दाबून पाहिली. पालीच्या बाजारात बैलाची पाहतात तशी. मग पोटरी, मग छाती. ओटीवर मुंबईचे पाहुणे चहा पीत होते.

"ह्याला काही झालेलं नाही. माजलाय नुसता," खोत म्हणाले. पाहुणे हसले.

झालं होतं इतकंच. हुतूतू म्हणत मी समोरच्या गड्यांत शिरलो आणि मध्येच थांबलो. दम सुटला नव्हता, पाय धड होते. आपली बाजू कुठली, तेच कळेना.

बाकीची कुळं खोतांच्या वेठीला नांगर धरत. माझी वेठ म्हणजे खेळ. पाहुणे आले की खेळ, लग्न निघालं की खेळ, शेजारच्या खोतांशी ईर्ष्या लागली की खेळ. लोक म्हणत, नशीबवान आहे. मलाही तसंच वाटे. पण पुढे पुढे जेवताना, शेण भरताना ते हुतूतू डोक्यात आपोआप चालू राही. झोपेतही तुझे ओठ हलतात, असं आई सांगे. मला भीती वाटे, कारण धोंडूचे ओठ मी पाहिले होते.

धोंडू माझ्या आधीचा गडी. तोही असाच भर खेळात उभा राहिला. तरी खोतांनी त्याला पुढे खेळवलाच. नंतर तो बांधावर बसून दिवसभर हुतूतू पुटपुटायचा, घरच्यांना ओळखायचा नाही. तसाच गेला. तो उभा राहिला तेव्हा मी पोट धरून हसलो होतो. माझं ते हसू मला अजून ऐकू येतं.

म्हणून त्या दिवशी खोतांनी चाचपून सोडताच मी रेषेवरच बसलो.

"ऊठ. पुन्हा जा," खोत म्हणाले.

माझा बाप हात जोडून पुढे आला. "वाजवा त्याला, खोतानू. सोंग करतोय तो."

सख्खा बाप असं बोलला. लागलं मला. पण बोलता बोलता तो खोतांच्या आणि माझ्या मध्ये येऊन उभा राहिला, तेही दिसलं.

मी म्हटलं, "पाय बरे हायत. डोका दमलाय. मी नाय खेळनार."

"मग उद्यापासून नांगर धर."

"धरतो."

धरला. पण खेळायला त्या अंगणात पुन्हा पाऊल टाकलं नाही.

आता वाडीतली पोरं माझ्यापाशी खेळतात. हाक मारली तरी एखादं नुसतं बघत राहिलं, की मी त्याला बाहेर बसवतो. दमलोय म्हणालं, तर पुरावा मागत नाही. त्याला उठवायला खोत आला, तर आधी मला उचलावं लागेल. त्याचा बाप आला, तरीही.