रामाजी निनाव्याचं वडाचं झाड

रामाजी निनावे हा कोष्टी माणूस बिघडला तो चिवड्याच्या पुडीपायी. पुडीच्या कागदावर हंगेरी नावाच्या मुलुखातल्या एका समाजवादी पुढाऱ्याची हकिगत छापली होती: विणकराचं पोर, आधी तुरुंग, मग परागंदा, मग थेट मंत्री! रामाजीनं चिवडा फस्त केला आणि कागद जपला. "आपलंबी अस्संच होनार," तो बायकोला म्हणाला. हंगेरी कुठे आहे, हे त्याला ठाऊक नव्हतं. शेजारच्या काटोल गावाच्या पलीकडे असावी, एवढाच अंदाज.

झालं! डोक्यावर लाल टोपी चढली, माग धूळ खात पडला. गडी पोलीसचौकीत जाऊन बसला, "मले अटक करा!" हवालदारानं चहा पाजून घरी धाडलं. मग परागंदा व्हायचं म्हणून काटोलला मेहुण्याकडे गेला आणि पंधरा दिवस संत्री खाऊन गुबगुबीत होऊन परतला. राहता राहिलं मंत्रिपद. तर बावन्नच्या निवडणुकीत पठ्ठ्याला तिकीटही मिळालं!

बायको रुख्मिणी कडाडली, "हारले तं गुमान मागावर बसाचं, जी. मंग भाषनं बंद!" रामाजी कबूल झाला. पण ही बया काही आपल्याला मत देत नाही, हे त्यानं मनोमन धरलं, आणि ते त्याला फार लागलं.

तेव्हा दर उमेदवाराची पेटी निराळी, पेटीवर त्याचं चिन्ह; मताची कोरी चिठ्ठी हव्या त्या पेटीत टाकायची. रामाजीचं चिन्ह वडाचं झाड. महिनाभर तो बोळाबोळांतून बोंबलत फिरला, "मायबहिनींनो, मत वडाच्या झाडालेच द्या!"

निकाल लागला. नऊ मतांनी आपटला. तोंड पाडून घरी आला, तर रुख्मिणी चकित.

"असं कसं जी? आमी तेवीस बाया गेलो होतो. चिठ्ठ्या घेतल्या, लुगड्यात लपवल्या अन् मारोतीपासच्या वडाले नेऊन देल्या. डब्ब्यात काहून टाकू? तुमीच तं सांगून राहिले होते!"

रामाजी धावत सुटला, मागे रुख्मिणी. वडाच्या ढोलीत सूत गुंडाळलेल्या तेवीस चिठ्ठ्या. सगळ्यात वरच्या चिठ्ठीला हळदकुंकू, शेजारी सुपारी.

"हे कोनाची वं?"

"माह्यीच," ती पदर सावरत म्हणाली.

रामाजीनं आधी कपाळ बडवलं, मग हसला, मग डोळे पुसले. दुसऱ्या दिवशी शब्दाला जागून मागावर बसला.

"मंत्री झाला म्हने तो हंगेरीवाला!" धोटा फेकत तो म्हणाला. "पन त्याच्या बायकोनं त्याले मत देलं होतं काय? कागदात कोठीबी लिवलं नाही."