ओढ्यापलीकडची चाल

जिनदत्त टोपीला लोकर चिकटवून घरी आला, तेव्हा आक्काताईच्या मनात पाल चुकचुकली. नवरा दर मंगळवारी सांगायचा, मिरजेला जातो, पेटी नीट करून घ्यायला. मिरजेत वाद्यं असतात, मेंढरं नसतात, एवढं तिला शाळा न शिकताही कळत होतं. आणि पेटी तर घरातच होती, कोपऱ्यात, कापड पांघरून.

हा जिनदत्त म्हणजे सांगलीच्या बाजारात हळदीची पारख करण्यात जन्म गेलेला माणूस. पण जीव सगळा संगीत नाटकात. हौशी मंडळींच्या नाटकांना चाली लावून द्यायचा. खोड एकच, गाव सोडल्याशिवाय चाल सुचायची नाही. कोकणात गेला की लाटा घेऊन यायचा. लेकाकडं, भरतेशकडं जर्मनीला गेला, तर तिकडचं संगीत नाटक, ज्याला ऑपेरा म्हणतात, ते बघून आला आणि बर्फाची चाल बांधली. ती ऐकताना ऐन उन्हाळ्यात सांगलीच्या बायकांनी पदर लपेटून घेतले म्हणे. म्हणणारा तोच.

यंदा चातुर्मासात मात्र दोघांनी मुनी महाराजांपुढं नेम घेतला. जैनांत ही रीतच आहे. चारी दिशांना हद्द बांधायची आणि चार महिने तिच्यापलीकडं पाऊल टाकायचं नाही. जिनदत्तानं पूर्वेला जतच्या पुढचा ओढा धरला. आक्काताई म्हणाली, "मला कुठं जायाचंय मेलीला? कवठेमहांकाळ पुरे. भन हाय तिथं."

आणि आता हा हद्दीतला माणूस नवी चाल गुणगुणत होता. तिच्यात मधेच "बा, बा" अशी हाक होती. बा म्हणजे ये, हे कानडी तिला येत होतं, आणि कानडी बोलणारे धनगर तर ओढ्यापलीकडं. म्हणजे स्वारी ओढा ओलांडून जाते! बेचाळीस वर्षांत या माणसानं घेतलेला नेम मोडला नव्हता. रात्रीचं खाणं सोडलं ते सोडलंच. हा नेम खोटा निघाला, तर मागचं काय काय खोटं होतं?

पुढच्या मंगळवारी ती तोंडावर पदर ओढून त्याच एसटीत मागं बसली. मिरज आली, तो उतरला नाही. जत आलं, तरी नाही. "बघा, बघा," ती खिडकीलाच म्हणाली. पुढं एका उजाड थांब्यावर तो उतरला. तिला उठायला गुडघ्यांनी वेळ लावला. "आवं, थांबवा की!" म्हणून ओरडेपर्यंत गाडी पूल ओलांडून गेली होती.

ती तणतणत काठाशी आली. ओढा कोरडा ठाक. या काठावर बिराप्पा धनगर "बा, बा" करत मेंढरं बोलावत होता, मागं पवनचक्क्या घुमत होत्या. त्या काठावर बाभळीखाली डोळे मिटून जिनदत्त मांडीवर ताल धरून बसलेला.

"मिरज आली व्हय ओ?" ती इकडून ओरडली.

जिनदत्त दचकला. "आगं, तू हितं?"

"आदी माझं सांगा. नेम मोडलासा का न्हाई?"

"न्हाई. बिराप्पाला इचार."

बिराप्पा हसला. "कवाधरनं म्हंतोय, आवं, हिकडं या, दूध घ्या. पाऊल टाकत न्हाईत. मेंढरंच जात्यात त्यांच्याकडं अंग घासाय. त्यास्नी कुठला नेम?"

"मग मिरज कशाला सांगितली?"

"तू म्हणली असतीस, हद्दीवर बसून पलीकडलं ऐकायचं ही पळवाट हाय."

"हायच की!"

"आसंल. पण मला सांग, तू कुठं उभी हाईस?"

आक्काताईनं पायाखाली बघितलं. कवठेमहांकाळ कधीच मागं पडलं होतं. तिची हद्द तर गेलीच, त्याच्या हद्दीचा ओढाही ती ओलांडून आली होती. नवऱ्याचा नेम तपासायला आली आणि स्वतःचा मोडून बसली. तोंड लपवायला ओढलेला पदर आता खऱ्या कामाला आला.

महाराजांपुढं तिनं सगळं सांगितलं. प्रायश्चित्त म्हणून महिनाभर गूळ सोडला.

दिवाळीनंतर नाटक झालं. नायिका पलीकडच्या काठावरून नायकाला हाक मारते, तिथं ती चाल होती. हाकेत माया होती, पण राग आणि संशय जरा जास्तच. आक्काताईला तो आवाज फार ओळखीचा वाटला.

घरी येताना ती म्हणाली, "फुडल्या वर्षी दोघांची हद्द एकच घ्यायची."

"का गं?"

"लक्ष ठेवाय बरं पडतंय."