तिसरा नारू

चैत्र वद्य चतुर्थी, सोमवार. बुलढाण्याचा सरकारी दवाखाना, बायकांच्या बाजूची तपासणीची खोली. हजर: डॉक्टरसाहेब, ड्रेसिंग करणाऱ्या नर्सबाई, माझे यजमान, सासूबाई आणि टेबलावर मी.

डॉक्टरांनी उजव्या घोट्यावरची सूज दाबून पाहिली. गुडघा सरळ करून पाहिला, तो झाला नाही. मग म्हणाले, "नारू आत तुटलाय. कोणी ओढला?"

सासूबाई माझ्याकडे पाहू लागल्या. मी म्हटलं, मीच.

"आणि डाव्या पोटरीवरचा हा जुना व्रण?"

तोही मीच ओढलेला, दोन वर्षांपूर्वीचा.

केसपेपरच्या माथ्यावर 'मध्यप्रांत व वऱ्हाड' छापलेलं होतं. त्याखाली त्यांनी लिहिलं: सेल्युलायटिस, ॲबसेस. पहिला शब्द म्हणजे कातडीखालचं मांस पसरत पसरत सुजणं, दुसरा म्हणजे आत साठलेला पू. नारूचा किडा तुटला की उरलेला तुकडा आत सरकतो, त्याच्यातली घाण मांसात सांडते आणि हे सगळं होतं.

"पायाचं मी बघतो," डॉक्टर म्हणाले. "पण बाई, आणखी एक असा तोडलात तर हा गुडघा कायमचा वाकडा राहील. नारू ओढायचा नसतो हे तुम्हाला माहीत नव्हतं का?"

माहीत होतं. अमडापूरच्या मुलींच्या शाळेत मी चौथीला आरोग्याचा धडा शिकवते. फळ्यावर नारूचं चित्र मीच काढते. म्हणून हे लिहिते आहे. ज्यांना माहीत नाही त्यांना सांगणारे पुष्कळ आहेत. माहीत असून जे करतात, त्यांच्यासाठी हे.

झालं होतं असं. फाल्गुनात घोट्याजवळ फोड आला, आग आग झाली. फोड फुटला आणि पांढऱ्या दोऱ्यासारखं टोक दिसलं. सासूबाईंनी ते काडीला अडकवलं. आमच्या घरची रीत अशी की ज्याचा नारू त्याने काडीला हात लावायचा नाही. सासूबाई रोज संध्याकाळी पायावर गार पाणी सोडायच्या, टोक सैल आलं की काडीला एक वेढा द्यायच्या, कधी अर्धाच, आणि वर धोत्र्याचं पान गरम करून बांधायच्या. हातभर किडा असा सुटायला तीन-तीन आठवडे लागतात.

माझ्याकडे तीन आठवडे नव्हते. शाळेची तपासणी पंधरा दिवसांवर आली होती. माझ्या वहीत कामं मांडलेली होती: मुलींचं शिवण टाचून लावणं, हजेरीपट शाईने पुरे करणं, तक्ते, कविता पाठ. सगळ्यांवर खुणा झाल्या होत्या. 'नारू' एवढ्या एकाच ओळीपुढे खूण नव्हती. मधल्या सुट्टीत दार लोटून मी पट्टी सोडायची आणि स्वतःच एक वेढा द्यायची. दोन दिवस जमलं. मी हिशेब केला की आता सहा दिवसांत सुटेन. तिसऱ्या दिवशी हाताला काहीच ओढ लागेना.

सासूबाईंना मी आपोआप तुटला म्हणून सांगितलं. त्या एवढंच म्हणाल्या, "तुले कशाचीच वाट पाह्यता येत नाही वं."

बैलांच्या दमणीतून बुलढाण्याला येईपर्यंत ताप चढला होता. त्याच दिवशी डॉक्टरांनी क्लोरोफॉर्म देऊन घोट्याला आणि पोटरीला चिरा दिला. पू वाहून जावा म्हणून आत रबरी नळी ठेवली, तिला ड्रेन म्हणतात. रोज सकाळी कार्बोलिकच्या पाण्याने धुणं, दुपारी शेक, संध्याकाळी ताप मोजणं. पाचव्या दिवशी ताप उतरला. आठव्या दिवशी नळी निघाली. गुडघा सरळ यावा म्हणून पावलाला दोरी बांधून खाटेच्या टोकावरून वजन सोडलं होतं. नर्सबाई नसताना मी भेटीला आलेल्या एकीकडून त्या वजनाच्या पिशवीत आणखी एक वीट ठेववून घेतली. गुडघा पुन्हा सुजला. डॉक्टरांनी वीट काढली आणि चार दिवस वजनच बंद केलं.

शेजारच्या खाटेवर धामणगाव बढ्याच्या सरूबाई होत्या. शेतकरी घरच्या, हात मोडून आलेल्या, हात आता बरा होत आलेला. त्यांनी विटेची गोष्ट साऱ्या खोलीला ऐकवली आणि मला विचारलं, "काऊन हो मास्तरीणबाई, पोरगी लवकर मोठी होत नसंन त तिलेबी असंच धरून ओढता का?"

सगळ्या हसल्या. मीही हसले, पण ते मनात राहिलं. वर्गात मुलगी उत्तर आठवत असली की मीच ते सांगून टाकते. दही लागायच्या आत झाकण काढून बघते. मी स्वतःला कामसू समजत होते. पण काम करायचं सोडून जिथे नुसतं थांबायचं असतं, तिथेच मी मोडतोड करते.

बाराव्या दिवशी डाव्या पावलावर फोड आला. तिसरा नारू.

डॉक्टरांनी पाहिलं आणि म्हणाले, "हा तुमच्याच भरवशावर सोडतोय. उजव्या पायावर अजून भार देता येत नाही. हा पायही गेला तर चालणं विसरा."

फोड फुटून नर्सबाईंनी टोक काडीला अडकवलं, त्या दिवशी मी वहीत वेगळं लिहायला घेतलं. हात काडीकडे कधी गेला, त्याआधी काय झालं होतं, एवढंच. चार दिवसांत नऊ नोंदी झाल्या. नऊपैकी सात वेळा मी रिकामी बसले होते. त्यांतल्या पाच वेळा नुकतंच कोणीतरी विचारून गेलं होतं, कधी उठणार म्हणून. दुखत होतं म्हणून हात गेला, असं एकदाही नव्हतं. हे कागदावर पाहिल्यावर उपाय सोपा झाला. काडी मी सरूबाईंच्या ताब्यात दिली. वेढा त्या देतील, पट्टीची गाठ त्या मारतील. भेटीला येणाऱ्यांना यजमानांनी दारातच सांगायचं, कधी उठणार ते विचारू नका. आणि हात रिकामे नकोत म्हणून मी कापूस मागवून वाती वळायला घेतल्या.

फोड आल्यापासून नवव्या दिवशी यजमान सांगत आले की तपासणी पार पडून तिचा शेराही आला. शाळेतल्या धाकट्या बाईंनी सगळं नीट केलं, शेरा चांगला मिळाला. मी नसल्याने काही अडलं नाही, हे ऐकून बरं वाटायला मला दोन दिवस लागले. त्या दुपारी मात्र सरूबाईंचा डोळा लागल्यावर मी गाठ सोडली. काडी बोटांत धरली. टोक सैल होतं, सहज एक वेढा बसला असता.

शेजारच्या खाटेवरून आवाज आला, "मी झोपली नाही."

"मग बोलल्या का नाहीत?"

"पाहून राह्यली होती, तुम्ही सोडता का ओढता."

मी काडी सोडली. गाठ मात्र त्यांनाच मारायला लावली.

फोड आल्यापासून तेविसाव्या दिवशी सकाळी गार पाण्याखाली नारू अख्खा बाहेर आला. सरूबाईंना घरी जायची मुभा तीन दिवस आधीच मिळाली होती. एवढ्यासाठी त्या थांबल्या होत्या. डॉक्टरांचे, नर्सबाईंचे उपकार मी जन्मभर मानीन. या बाईंचे कसे फेडायचे ते मला कळलेलं नाही.

ज्यांच्या पायात आज नारू आहे त्यांना दोन गोष्टी सांगते. तो पाय घेऊन पायऱ्यांच्या विहिरीत उतरू नका, आणि पिण्याचं पाणी दुहेरी कापडातून गाळल्याशिवाय पिऊ नका. आजचा नारू गेल्या वर्षीच्या पाण्यातून आलेला असतो. आणि ज्यांचा हात माझ्यासारखा आपोआप जातो, त्यांनी तो कधी जातो हे चार दिवस लिहून काढा. मग काडी दुसऱ्याच्या हातात द्या. यात कमीपणा नाही.

मी आता घरी आहे. काठी घेऊन शाळेत जाते. उजवा गुडघा सरळ होतो, पण पुरता वाकत नाही. टाच आणि मांडी यांच्यात वीतभर अंतर उरलं आहे, त्यामुळे मांडी घालून बसता येत नाही, मुली खाली आणि मी स्टुलावर. डॉक्टरांनी सकाळी दहा वेळा वाकवायला सांगितलं आहे. आज दहा वेळा वाकवून झाला. अंतर तेवढंच आहे.