गल्लीतलं कुत्रं

जवळा बाजारचं घर विकायला काढलं ते आईच्या डायलिसिसमुळे. आठवड्यातून दोनदा एसटीने औंढ्यावरून हिंगोली, आणि परत येताना तिचं डोकं माझ्या खांद्यावर. घरात आम्ही दोघीच. शिवाय दोन कुत्री: म्हातारी काळी आणि तिचा उनाड पोरगा तांबडा. हिंगोलीत भाड्याने राहायचं ठरलं. कुत्र्यांचं काय, हे ठरलं नाही. त्यावर आम्ही बोलतच नव्हतो.

सौदा जमवणारे काका शेजारचेच. त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं, गिऱ्हाईक यायच्या आत कुत्री नजरेआड करायची. कुत्री दिसली की बायामाणसं उंबऱ्यावरूनच माघारी फिरतात. त्यामुळे काकांचा फोन आला की आमची धावपळ. मी फिनेल टाकून ओसरी पुसायचे, आई कुत्र्यांची पाण्याची परात ज्वारीच्या कोठीमागे सरकवायची. तेवढ्यात तांबडा चिखलाचे पाय घेऊन ओसरीवर हजर. पुन्हा पुसा. मग दोघांना दोरी लावून मी सिद्धेश्वर धरणाच्या कालव्यावर न्यायचे आणि माणसं गेल्याचा फोन येईपर्यंत बाभळीखाली बसायचे. एकदा तीन तास, भर उन्हात. काळीला धाप लागली की तिच्या डोक्यावर पाणी शिंपडायचे. येणारेजाणारे विचारायचे, काहून बसलीस गं इथं? अभ्यास करतेय, म्हणायचे.

आणि मी कोण, तर पत्रकं लिहिणारी पोरगी. मुक्या जनावरांना दगड मारू नका, हे पत्रक मीच लिहून बाजारात वाटलं होतं. खाली ठळक अक्षरात: ‘गप्प बसणाराही तितकाच दोषी.’ स्वतःचीच कुत्री लपवावी लागतात याचा संताप यायचा, पण भांडायला अंगात जीव उरला नव्हता. घर जाऊ दे एकदाचं, एवढंच वाटायचं.

एका बाजारच्या दिवशी एक गुरुजी न कळवता आले. तांड्यावरचे, पोरींच्या शाळेसाठी गावात घर बघत होते. आधी दोनदा येऊन गेलेले, घर पसंत होतं. या वेळी बायकोला आणलं होतं. त्यांना बघून काकाही शेजारून धावत आले. काळी उंबऱ्यात आडवी पडलेली. बायको तिथेच थबकली. त्यांच्या धाकटीला मागे कुत्रं चावलं होतं.

“तुमचं हाय का हे?” गुरुजींनी विचारलं.

“न्हाई जी,” काका पटकन म्हणाले. “गल्लीतलं हाय.”

गुरुजींनी माझ्याकडे बघितलं.

“व्हय,” मी म्हणाले. “गल्लीतलं.”

मग त्यांनी गल्लीतल्या कुत्र्याला सगळे जे करतात तेच केलं. अंगणातला विटेचा तुकडा उचलून मारला. काळी हललीसुद्धा नाही; या अंगणात तिच्यावर कधी कुणी हात उगारला नव्हता, वीट आपल्यासाठी आहे हे तिला कळलंच नाही. वीट तिच्या मागच्या पायावर लागली. केकाटत, लंगडत ती माझ्याच पायांमागे येऊन लपली.

आतून बाजेवरून आईचा आवाज आला. “आमची हाय ती. बारा वर्षं झाली. दुसराबी आमचाच.”

गुरुजी कानकोंडे झाले. “मंग सांगायचं न्हाई का, ताई? मी उगं मारलं आसतं का?”

त्यांच्या बायकोने आईला हळूच विचारलं, तुमी गेल्यावर ह्यांचं कसं?

“मी जिथं, तिथं ती,” आई म्हणाली. माझ्याकडे न बघता.

घर त्यांनीच घेतलं. काका मात्र मला बराच वेळ बोलले, की तुझ्या आईनं बनलेला सौदा घालवलाच होता.

मग हिंगोलीतल्या घरमालकांना फोन लावायला लागले. नाव सांगायच्या आधी सांगायचे, दोन कुत्री आहेत. कुणी ऐकूनच फोन ठेवायचं, कुणी वर उपदेश करायचं. दवाखान्याजवळच्या सगळ्या खोल्या गेल्या. शेवटी गावाबाहेरच्या एका पत्र्याच्या घराचा मालक म्हणाला, घेऊन या दोघांना, आधी त्यांना बघतो.

टेम्पो करून गेलो. म्हाताऱ्या मालकाने आम्हा दोघींना बसा म्हटलं नाही. तो काळीसमोर उकिडवा बसला आणि तिच्या पायावरची सूज बघून त्याने विचारलं, हे कुणी केलं?

मी नाव सांगितलं. गुरुजींचं नाही, माझं.