लेहरा वाजवणारा गायक

श्रीरंग टेकाळे मराठी आहे हे कळायला मला सात-आठ महिने लागले. माझी मुलगी केतकी दिल्लीत कोपर्निकस मार्गाच्या मागच्या गल्लीत सुनयनाजींकडे कथक शिकते. ऑफिस सुटलं की मी तिला घ्यायला जाते आणि क्लास संपेपर्यंत दाराजवळच्या बाकावर बसून राहते. आत भिंतीला टेकून एक माणूस पेटी वाजवत असायचा. चाळिशीचा, सडपातळ, स्वेटरचे कोपर विरलेले. सुनयनाजी त्याला 'रंगाजी' म्हणायच्या आणि तो इतकं साफ हिंदी बोलायचा, की मी त्याला उत्तर प्रदेशातलाच धरून चालले होते. एक दिवस चक्कर घेताना केतकीचा पाय घसरला आणि पेटीमागून आवाज आला, "अगं, जपून!"

क्लास संपल्यावर मी विचारलं, "कुठले तुम्ही?"

"जिंतूर. परभणी जिल्हा," तो म्हणाला. "आता गाझियाबाद."

आम्हीही गाझियाबादलाच राहतो. तेव्हापासून क्लासच्या दिवशी तो माझ्या गाडीतून यायला लागला. त्या रस्त्यावर संध्याकाळी गाडी सव्वा-सव्वा तास मुंगीच्या पावलांनी चालते. त्याची हकीकत मी ऐकली ती अशी, तुकड्या-तुकड्यांनी.

वडिलांचं सायकल दुरुस्तीचं दुकान. शाळेत उल्हास चारठाणकर नावाचे संगीताचे मास्तर होते. त्यांनी दहा वर्षांच्या श्रीरंगचा आवाज प्रार्थनेच्या रांगेत ऐकला आणि त्या दिवसापासून त्याला घरी बोलावून शिकवायला लागले. एक पैसा घेतला नाही. तेरा वर्षं शिकवलं आणि मग म्हणाले, "माझ्याजवळचं संपलं. आता दिल्लीला जा." दिल्लीतल्या एका बुजुर्ग गायकाला मास्तरांनी फक्त रेडिओवर ऐकलं होतं. त्यांनाच पत्र लिहून मास्तरांनी पोराची शिफारस केली. दोन महिन्यांनी होकार आला. श्रीरंगचे चुलते हिंमतराव फौजेत होते, तेव्हा दिल्ली कँटला. पहिले चार महिने तो त्यांच्या क्वार्टरमध्ये राहिला. पहाटे रियाज सुरू केला की शेजारून निरोप यायचा, रात्रीची ड्युटी करून जवान झोपलेत, गाणं बंद. मग तो शकरपूरला एका खोलीत चौघांबरोबर राहायला गेला.

दिल्लीच्या या गुरुजींनी तीन वर्षं मनापासून शिकवलं. रेडिओची बी ग्रेड मिळाली. एका देवळात आणि एका सोसायटीच्या दिवाळी मेळ्यात गाणं झालं. गुरुजी आता स्वतःबरोबर मागे गायला बसवणार, असं ठरत होतं, तेवढ्यात एका हिवाळ्यात न्यूमोनियानं ते गेले. बाकीचे शिष्य दिल्लीचेच होते, त्यांची घरं होती, ओळखी होत्या. श्रीरंगला कोणी ओळखत नव्हतं. त्याच सुमारास सुनयनाजींचा पेटीवाला बहिणीच्या लग्नासाठी गावी गेला. त्यांनी श्रीरंगला गुरुजींकडे पाहिलं होतं; दोन आठवडे काम सांभाळशील का, असं त्यांनी त्याला विचारलं. पेटीवाला परत आलाच नाही. त्या दोन आठवड्यांची सोळा वर्षं झाली.

कथकच्या क्लासमध्ये पेटीवाल्याचं काम म्हणजे लेहरा वाजवणं. सोळा मात्रांची एकच धून, पुन्हा पुन्हा. नाचणारीनं कितीही तुकडे घेतले, चकरा मारल्या, तरी सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, कुठे आहे ते तिला त्या धुनेवरून कळतं. म्हणून ती धून हलता कामा नये. तीन वाजता बसायचं आणि सात वाजता उठायचं. एकदा मी म्हटलं, "कंटाळा नाही येत?"

"पहिली दोन वर्षं यायचा, ताई. आता बोटं वाजवतात. मी गॅस सिलिंडर संपला का, आशयची फी भरली का, ते आठवत बसतो." आशय हा त्याचा मुलगा. बायको स्वरूपा वसुंधरातल्या एका लॅबमध्ये रिसेप्शनला असते.

तो तक्रार करत नसे. नुसता दमल्यासारखा बोलायचा.

गेल्या वर्षी डिसेंबरात आमच्या मराठी मंडळाच्या सुजयनं मला विचारलं, "चौदा जानेवारीला पानिपतला काला अंबवर आपला कार्यक्रम आहे. महाराष्ट्रातून बसेस येणार आहेत. कोणी गाणारं आहे का?" दर संक्रांतीला मराठी माणसं पानिपतच्या लढाईच्या त्या स्मारकावर जमतात. भाषणं होतात, पोवाडे होतात. मी एका दमात श्रीरंगचं नाव सांगितलं. चाळीस मिनिटं मिळतील, असं ठरलं. आज वाटतं, विचारून सांगायला हवं होतं.

गाडीत मी त्याला सांगितलं. त्यानं विचारलं, "किती वाजता?"

"सकाळी अकरा."

"म्हणजे तोडी गाता येईल. सकाळचा राग आहे," तो म्हणाला.

महिनाभर तो पहाटे उठून रियाज करत होता, हे मला स्वरूपानं नंतर सांगितलं. आणखी एक गोष्ट त्यानं केली. मास्तरांना फोन करून सांगितलं. मास्तर आता सत्याहत्तर वर्षांचे. इतकी वर्षं फोनवर ते विचारायचे, "गाणं काय म्हणतंय?" आणि हा म्हणायचा, "चालू आहे, मास्तर." कार्यक्रमाचं ऐकून मास्तरांनी परभणीहून पानिपतला निघालेल्या एका बसमध्ये स्वतःसाठी सीट घेतली.

चौदा तारखेला आम्ही पहाटेच निघालो. मी, केतकी, श्रीरंग. पुढची गाडी दिसत नव्हती. "आई, केवढा कोहरा आहे," केतकी म्हणाली. "धुकं म्हणायचं," मी म्हटलं. "हां, तेच," ती म्हणाली. श्रीरंग गळ्याला मफलर गुंडाळून मागे बसला होता, हळू आवाजात सा लावून बघत होता.

स्मारकापुढच्या मैदानात मांडव होता. खुर्च्या दवानं ओल्या. पहिल्याच रांगेत माकडटोपी घातलेले एक म्हातारे गृहस्थ हातात पिशवी घेऊन बसले होते. श्रीरंग जाऊन त्यांच्या पाया पडला. मास्तरांनी त्याला वर उठवलं, दोन्ही हातांनी त्याचा चेहरा धरला आणि म्हणाले, "आवाज कसा आहे?"

"बरा आहे."

"गरम पाणी पी. बोलू नको जास्त."

प्रमुख पाहुणे धुक्यात अडकले होते. ते दीडला आले. तोवर कार्यक्रम सुरू करायचा नाही, असं ठरलं होतं. मग पाच भाषणं झाली. बसवाल्यांना अडीचला कुरुक्षेत्राकडे निघायचं होतं. दोन वाजून दहा मिनिटांनी सुजय धावत श्रीरंगकडे आला. "यार श्रीरंगजी, सॉरी, एकदम छोटं करा. एक काहीतरी. पाच मिनिटं."

तोडीची वेळ केव्हाच टळून गेली होती. श्रीरंगनं एक अभंग धरला. मांडवाच्या मागे जनरेटर धडधडत होता. तिळगुळाची आणि जेवणाची पाकिटं वाटायला सुरुवात झाली आणि खुर्च्या सरकायला लागल्या. दुसऱ्या कडव्याला निम्मा मांडव उभा होता. श्रीरंगनं ध्रुवपद एकदा म्हटलं, हात जोडले आणि खाली उतरला. मास्तर मात्र जागचे हलले नव्हते. एवढ्या गडबडीत त्यांनी एकट्यानं टाळ्या वाजवल्या. मला कुठे बघावं कळेना.

मास्तरांनी बसच्या लोकांना सांगून टाकलं, "तुम्ही व्हा पुढे. मी श्रीरंगकडे राहतो दोन दिवस." आणि ते आमच्या गाडीत बसले. सोनिपत मागे पडल्यावर म्हणाले, "अरे, असं व्हायचंच. उघड्यावरचे कार्यक्रम असेच. आता पुढचा केव्हा आहे तुझा?"

मी आरशात बघितलं. श्रीरंगनं डोळे मिटले होते. "उद्या," तो म्हणाला. "तीन वाजता."

तो असं का म्हणाला, ते मी त्याला कधी विचारलं नाही. बहुतेक लपवण्याचाही शीण आला असावा.

दुसऱ्या दिवशी मी सहाला क्लासवर पोचले, तेव्हा मास्तर आत खुर्चीवर बसले होते. सुनयनाजींनी त्यांना शाल दिली होती, चहा दिला होता. तीन वाजल्यापासून ते तिथे होते. समोर पंधरा मुली पाय आपटत होत्या आणि श्रीरंग खाली मान घालून लेहरा वाजवत होता. मी शेजारी बसले. मास्तर माझ्याकडे वाकून हळूच म्हणाले, "काय हो, हा गातो केव्हा?"

कोणीतरी सांगायलाच हवं होतं. "ते इथे गात नाहीत, मास्तर. पेटी वाजवतात. एवढंच काम असतं."

"रोज?"

"रोज."

"किती वर्षं?"

"सोळा."

ते सातपर्यंत तसेच बसून राहिले. घुंगरू सोडून मुली निघाल्या, तेव्हा सुनयनाजी कौतुकानं म्हणाल्या, "मास्टरजी, रंगाजी की लय तो पत्थर की लकीर है." मास्तरांनी मान हलवली. घरी जाताना गाडीत केतकी झोपून गेली.

मास्तरांची परतीची गाडी तिसऱ्या दिवशी दुपारी होती, सचखंड एक्सप्रेस. मी स्टेशनवर सोडते म्हटलं होतं. हाफ डे टाकून दहाच्या सुमाराला श्रीरंगच्या घरी तिसऱ्या मजल्यावर चढले, तर जिन्यातच तोडी ऐकू आली. स्वरूपानं दार उघडून तोंडावर बोट ठेवलं. श्रीरंग चटईवर बसला होता, मोबाइलवर तानपुरा लावलेला. मास्तर पलंगावर उशीला टेकून.

"गंधार," मास्तर म्हणाले. श्रीरंग पुन्हा म्हणाला. "वर आहे. उतर." पुन्हा. "अजून उतर." पुन्हा. "नाही रे. अजून."

मला गाण्यातलं फार कळत नाही. नंतर मास्तरांनीच समजावलं. तोडीतला गंधार नेहमीच्या कोमल गंधारापेक्षाही किंचित खाली असतो. इतका किंचित, की पेटीत त्याची पट्टीच नाही. तो फक्त गळ्यानं शोधायचा असतो. सोळा वर्षं पेटीच्या पट्टीवर कान ठेवून श्रीरंगचा गंधार तिथेच जाऊन बसला होता.

"चौदाव्या वर्षी लागत होता तुला," मास्तर म्हणाले. आवाजात राग होता. "पेटीनं खाल्ला."

श्रीरंगनं सतरा-अठरा वेळा प्रयत्न केला.  त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण चेहरा शांत होता. म्हणाला, "मास्तर, गुरुजी गेल्यापासून मला कोणी चूक सांगितली नव्हती."

मास्तरांनी त्याला जवळ ये अशी खूण केली. तो पलंगाजवळ सरकला. त्यांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. "मी तुला पाठवलं तेव्हा मी दिल्ली बघितलीसुद्धा नव्हती," ते म्हणाले. "पत्र टाकलं आणि मोकळा झालो. वाटलं, एवढा आवाज आहे, शहर उचलून धरील. तुला तिथंच ठेवलं असतं, तर शाळेत माझ्या जागेवर लागला असतास. चूक झाली माझी."

"मी तरी कुठं बघितली होती," श्रीरंग म्हणाला. "आणि जा म्हणालात म्हणून आलो, असंही नाही. मला यायचंच होतं."

"दमलास तू."

"हो."

बारा वाजायला आले होते. स्वरूपानं डब्यात पोळ्या आणि बटाट्याची भाजी बांधून दिली. स्टेशनवर जाताना मास्तर खिडकीबाहेरचे उड्डाणपूल बघत होते. गाडीच्या दाराशी उभे राहून त्यांनी एवढंच सांगितलं, "रोज अर्धा तास. पेटी न घेता. आणि दर गुरुवारी मला फोन करून ऐकवायचं. मी चुका काढीन." मग हमालानं त्यांची पिशवी आत नेली.

श्रीरंगनं सुनयनाजींचा क्लास सोडला नाही. सोडून जाणार कुठे? आजही तो तीनला बसतो आणि सातला उठतो. गुरुवारी क्लासच्या आधी बाहेरच्या पिंपळाखाली उभा राहून फोनवर गातो. रिक्षांचे हॉर्न, चहावाल्याची आरडाओरड, त्यात हा एका कानात बोट घालून. मास्तरांना हल्ली ऐकू कमी येतं, त्यामुळे तेच ते चार-चारदा गावं लागतं. गावाकडच्यांनी विचारलं की आता तो सरळ सांगतो, "कथकच्या क्लासला पेटी वाजवतो." हे सांगायला लागल्यापासून जरा झोप लागते, म्हणाला.

या वर्षी सुजयचा पुन्हा फोन आला होता. या वेळी पूर्ण चाळीस मिनिटं, बिल्कुल पक्कं. श्रीरंगनं नम्रपणे नाही म्हणून सांगितलं. मी विचारलं, का.

"थंडीत एवढं लांब जायचं, ताई, आणि अजून गाणं तयार नाही." सीटला डोकं टेकवून त्यानं डोळे मिटले. पुढे सगळे दिवे लाल होते. "गंधार कधी कधी येतो. मंगळवारी आला होता. बुधवारी पुन्हा नव्हता."