चौथा कोपरा

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — अब्बांना नाही, नवऱ्यालाही नाही. तुम्हाला का सांगतेय, ते माझं मलाच नीट कळत नाही.

अब्बा मंडईमागे भांड्यांना कल्हई करायचे. लोकांनी स्टील घेतलं आणि काम आटलं. उरली ती आचाऱ्यांची पातेली. एका खोलीत आम्ही पाच जण. अम्मी साड्यांचं फॉल-पिको करायची आणि मशीनच्या टेबलाचा अर्धा भाग माझ्या पुस्तकांसाठी मोकळा ठेवायची. कल्हई झाली की अब्बा भांडं उजेडात धरून आधी कड बघायचे. म्हणायचे, मध्ये कुणीही चमकवेल, काम कडेला कळतं.

माझं कामही कडेचंच निघालं. दीर्घिका म्हणजे ताऱ्यांची अवाढव्य चकती — मध्ये झगझगीत, बाहेर मंद. हा उजेड कसा उतरत जातो, त्याचं एक सूत्र मी पीएच.डी.साठी मांडत होते. एकच सरळ उतार, सगळ्यांना लागू. एक दीर्घिका मात्र ऐकेना. कडेपाशी तिचा उजेड एकदम तुटायचा.

आता ही कड मोजायची, तर आकाशाचा स्वतःचा फिकट उजेड आधी वजा करावा लागतो. जास्त वजा केला तर कड तुटलेली दिसते, कमी केला तर लांबलेली. म्हणून फोटोच्या चार रिकाम्या कोपऱ्यांत तो मोजायचा. माझ्या तीन कोपऱ्यांत एकच आकडा आला. चौथ्यात कमी — आणि चौथा घेतला की आलेखावरची माझी रेघ सरळ.

मी चौथा घेतला.

मेधा आमच्याच गटातली, मला एक वर्ष ज्युनियर. तिनं तीच दीर्घिका स्वतः मोजली होती. कड खरंच तुटते, असं तिचं म्हणणं. त्यावरच तिचा विषय उभा होता. गटाच्या बैठकीत आमच्या मार्गदर्शक सरांनी तिचा आलेख पाहिला. "मेधाबाई, कड कात्रीनं कापलीत की काय?" सगळे हसले. मीही. मग ते माझ्याकडे वळले.

"तू चारही कोपरे पाहिलेस ना?"

"हो सर. चारही सारखेच आहेत. तिनं आकाश जास्त वजा केलंय."

एवढंच बोलले मी.

नंतर मेधा माझ्या टेबलापाशी आली. रागावली नव्हती — रागावली असती तर बरं झालं असतं का? "ताई, माझं कुठे चुकलं, दाखवशील?" मी म्हटलं, उद्या बघू. तो उद्या मी येऊ दिला नाही. वर्ष संपायच्या आत तिनं संशोधन सोडलं. आता कोथरूडमध्ये नववी-दहावीचे क्लास घेते.

चौथा आकडा मी बनवला नव्हता, तो मोजलेलाच होता. कदाचित तोच बरोबर असेल? माहीत नाही. नंतर त्या दीर्घिकेचे जास्त खोल फोटो आले. मी ते आजतागायत उघडलेले नाहीत. तेव्हा घाबरले होते म्हणू? घाबरलेली तर मेधाही असेल. पण 'चारही सारखेच' — हे खोटं होतं, आणि बोलताना मला ते माहीत होतं. एवढं एक मात्र नक्की.

प्रबंध घरी नेला तेव्हा अब्बांनी पानं उलटली. इंग्रजी त्यांना येत नाही. त्या सरळ रेघेच्या टोकावर बोट ठेवून म्हणाले, "कड छान उतरलीय."

त्याच प्रबंधावर मला पीएच.डी. मिळाली. आमच्या घरातली पहिली.