ऐनाची साल

नलूवन्सं गेल्या, हे खोपोलीच्या दवाखान्यातून आलेल्या भाच्यानं अंगणात उभं राहून सांगितलं, तेव्हा मी मिरच्या वाळत घालत होते. खरं सांगते, रडू फुटायच्या आधी माझ्या मनात भाऊसाहेबांचं नाव आलं. वन्सं गेल्या आणि हा मेला अजून परीटघडीचं धोतर नेसून हिंडतोय! सुतकात असं बोलू नये म्हणतात. नसेल बोलायचं... पण मी बोलणार.

वन्सं म्हणजे माझी थोरली नणंद, पळसदरीजवळच्या आमच्या गावात शाळेवर मास्तरीण. फाल्गुन सरता सरता रानाची पानं झडली की त्या सगळ्या गावाला शाळेमागच्या टेकडीवर न्यायच्या. पोरं, त्यांच्या आया, म्हातारे, ठाकरवाडीतली माणसंसुद्धा. ‘झाडभेट’ म्हणायच्या त्याला. नियम एकच... डोळे मिटायचे, सालीला हात लावायचा आणि झाड ओळखायचं. पान बघून काय, कुणीही ओळखील. जो चुकेल त्यानं एका रोपाला पाऊस पडेपर्यंत रोज हंडाभर पाणी घालायचं, विहिरीवरून, स्वतः वाहून. पहिल्या वर्षी मीच शिवणीला साग म्हणाले. “काय गं शांते, शेतकऱ्याच्या घरची ना तू?” म्हणून हसल्या, आणि माझा अख्खा उन्हाळा पाणी वाहण्यात गेला. शाळा समितीचे अध्यक्ष म्हणून भाऊसाहेब दरसाल नारळ फोडायचे, भाषण ठोकायचे आणि एकाही झाडाला हात न लावता जिलेबी खाऊन घरी जायचे.

दहा वर्षांपूर्वी, झाडभेटीच्या आदल्याच दिवशी, या माणसानं टेकडीवरची ऐनाची जुनी झाडं वीटभट्टीवाल्याला विकली. सकाळी आम्ही वर पोचलो तर नुसते खुंट, आणि ओल्या लाकडाचा वास. बाया तोंडाला पदर लावून उभ्या. वन्सं पदर खोचून म्हणाल्या, “साल हाय ना अजून? चला, मिटा डोळे.” पोरांनी एकेका खुंटाला हात लावून ‘ऐन’ म्हणून सांगितलं. एकही चुकलं नाही. उतरताना मी सालीची एक ढलपी उचलून पदरात बांधली. घरी येऊन भाऊसाहेबांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, तर वन्सं म्हणतात कशा, “आवर गं जीभ. त्याला झाड ठाऊक नाय, म्हणून विकलं त्यानं.”

“मग एक दिवस चारचौघांत झाड विचारीन त्याला,” मी म्हटलं. त्या हसल्या नाहीत.

तेराव्यानंतर शाळेत शोकसभा झाली. भाऊसाहेब डोळ्यांना रुमाल लावून म्हणाले, “बाईंची झाडभेट आता मी चालवणार.” माझं टाळकंच फिरलं. दहा वर्षं फडताळात जपलेली ढलपी मी पिशवीतून आणलीच होती. पुढे गेले आणि म्हटलं, “मग भाऊसाहेब, मिटा डोळे.” सगळं गाव बघत होतं, मिटावेच लागले. ऐनाची साल मगरीच्या पाठीसारखी, आमच्याकडे पाच वर्षांचं पोर ओळखतं. त्यांनी बोटं फिरवली, घाम पुसला...

“वयनी, आंबा हाय ना?”

“ऐन! ऐन हाय तो!” पोरं ओरडली. आणि मागून त्यांच्या आया, “पाणी! पाणी!”

“तुमीच विकलेला ऐन हाय हा, भाऊसाहेब,” मी म्हटलं.

वन्संचा पितळी हंडा, एका कुशीला चेपलेला, मी स्वतः नेऊन त्यांच्या ओटीवर ठेवला. त्या खुंटांच्या मधोमध वन्संनी लावलेलं शेवटचं रोप आहे, ऐनाचंच. रोज संध्याकाळी भाऊसाहेब आमच्याकडून हंडा नेतात, तो भरून धोतर खोचून टेकडी चढतात, वाटेत तीनदा टेकतात आणि परतताना हंडा आमच्या ओटीवर ठेवून जातात. मी आत हात घालून ओल बघते. मग तो हंडा घासून पुसून वन्संच्या कोनाड्यात ठेवते, आणि तेव्हा मात्र रडू येतं. त्या असत्या तर म्हणाल्या असत्या, पुरे गं शांते, म्हातारा झालाय तो. पुरे कसलं! शेतकऱ्याची बायको आहे मी, बोलू नये खरं... पण यंदा पाऊस चार दिवस उशिरा आला तरी माझी काही हरकत नाही.